वस्तीचा कारभार वस्तीच्या हाती
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांस जो विषय दिला तो असा : शहरात राहून आपल्या वस्तीचा कारभार आपण स्वतः करू शकतो काय? विषय मोठा आहे, आणि आम्ही काही प्राध्यापक नाही की इंजिनियर नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर पाळ्या करणारे साधे कामगार आहोत. शाळा मध्येच सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात आणि ह्याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा जे वाचले आणि त्यातून जे समजले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की घर वेगळे आणि वस्ती वेगळी. घर म्हणजे चार भिंती, वर पत्रा नाहीतर स्लॅब, आत चूल आणि झोपायला जागा. वस्ती म्हणजे नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा, पोरांना खेळायला मोकळी जागा, म्हाताऱ्यांना बसायला ओटा, आणि भांडण झाले तर ते मिटवायला चार माणसे. आपल्यात म्हण आहे, घर पाहावे बांधून. आम्ही म्हणतो, वस्ती पाहावी चालवून! सरकार घराची योजना काढते, हप्ते देते, फोटो काढून नेते. पण वस्तीची योजना कोणतेही सरकार देत नाही. ती राहणाऱ्यांनाच करावी लागते, आणि ती केली नाही तर मिळालेले घरसुद्धा हातात राहत नाही. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच.

गाव सुटले, सभा मिळाली नाही

आपले आजे-पणजे खेड्यातून आले. अमळनेर, चाळीसगाव, जळगाव, धुळे इथे कापडगिरण्या होत्या, भुसावळला रेल्वे होती. गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर. पायाखालची जमीन दुसऱ्याची, काम दुसऱ्याच्या शेतात आणि हुकूमही दुसऱ्याचाच. बाबासाहेबांनी हे दुखणे बरोबर ओळखले होते. म्हणून जुलै १९४२ मध्ये नागपूरला जी अखिल भारतीय परिषद भरली, तिच्यात अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती व्हाव्यात असा ठराव झाला. पुढे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' ह्या मसुद्यात त्यांनी त्याची व्यवस्थाच लिहून दिली. वसाहतीसाठी एक आयोग नेमावा, पडीक सरकारी जमीन त्याच्या ताब्यात द्यावी, आणि केंद्र सरकारने दरवर्षी पाच कोटी रुपये त्या कामी बाजूला काढावेत, अशी ती योजना होती.

ती योजना राज्यघटनेत आली नाही. पण तिच्यामागचा विचार संपला नाही. नुसती वस्ती हलवून भागत नाही; पायाखालची जमीन आणि वस्तीचा कारभार ह्या दोन्ही गोष्टी राहणाऱ्याच्या हातात पाहिजेत, हा तो विचार. त्याच विचाराने कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आपल्या खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या तुरुंगवासाच्या गोष्टी ऐकायला मिळतात.

शहरात आल्यावर आपल्याला पगार मिळाला, शाळा मिळाली, हॉटेलात कपबशी वेगळी राहिली नाही. हे मोठेच झाले, नाकारू नये. पण एक गोष्ट मिळाली नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने खेड्याला ग्रामसभा दिली. गावच्या यादीतला प्रत्येक मतदार तिचा सभासद. तो उठून सरपंचाला विचारू शकतो की बाबा, गटारीचे पैसे कुठे गेले? ग्रामसभा किती ठिकाणी नीट भरते हा प्रश्न निराळा, परंतु हक्क तर आहे! शहरासाठी त्याच सुमारास, १९९२ साली, ७४ वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यात तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. जळगाव आणि धुळे ह्या दोन्ही नगरपालिकांच्या २००३ साली महानगरपालिका झाल्या, आणि २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरे तीन लाखांच्या वर आहेत. पण प्रभाग समितीत बसतात ते मुख्यतः नगरसेवक. गल्लीतल्या माणसाला तिथे बसायला सतरंजी नाही.

महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात 'क्षेत्रसभा' हा शब्द घातला. एका किंवा काही मतदान केंद्रांच्या हद्दीतले मतदार एकत्र बसतील आणि आपल्या भागाची कामे सुचवतील, अशी ती कल्पना. कल्पना चांगली, पण ती कागदावरून खाली उतरली नाही. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी हा शब्द याआधी ऐकला होता, सांगा बरे. म्हणजे बघा, ज्या गावातून आपण स्वातंत्र्यासाठी निघालो त्या गावात आज सभा आहे, आणि ज्या शहरात स्वातंत्र्य शोधायला आलो तिथे आपल्या गल्लीची सभा नाही.

जळगाव आणि सोलापूर

सभा नसली म्हणजे काय होते ते आपल्या खानदेशाने पाहिले आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी घरकुल योजना काढली. अकरा हजारांच्या वर घरे नऊ ठिकाणी बांधायची होती. त्यासाठी हुडकोचे कर्ज घेतले. पुरी झाली ती दीड हजाराच्या आसपास. २००६ साली गुन्हा दाखल झाला, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिल्या. पुढे त्यावर अपिले झाली. कोण दोषी आणि कोण नाही ते न्यायालय पाहील, आम्हांस त्यात पडायचे नाही.

आमचा प्रश्न दुसरा आहे. त्या योजनेत कर्ज पालिकेचे, ठेका ठेकेदाराचा, आणि झोपडीतला माणूस कोण? तर लाभार्थी! लाभार्थी म्हणजे ज्याने हात पसरून उभे राहायचे. त्याने हिशेब मागायचा नाही, कारण त्याचा पैसाच नाही. त्याने जागा निवडायची नाही, कारण ती आधीच ठरलेली. काम थांबले तर त्याने कोणाकडे जायचे? एकेकट्याने अर्ज देत फिरायचे. अकरा हजार कुटुंबे एकेकटी असतील तर ती अकरा हजार अर्ज होतात. तीच संस्थेत बांधलेली असतील तर ती ताकद होते.

हे नुसते बोलणे नाही, ह्याचा दाखला सोलापूरला आहे. सोलापूर हे आपल्यासारखेच गिरणीचे गाव. तिथल्या विडी कामगार बायांनी कॉम्रेड नरसय्या आडम मास्तरांच्या युनियनमार्फत वर्षानुवर्षे घरासाठी लढा दिला. त्यांनी आधी सहकारी संस्था केली. शहराबाहेर कुंभारीला संस्थेने जमीन घेतली. घराच्या खर्चात केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि तिसरा वाटा कामगार बाईचा स्वतःचा. दिवसभर विड्या वळून पोट भरणाऱ्या बाईने स्वतःचा वाटा भरला! गोदूताई परुळेकर ह्यांच्या नावाने दहा हजार घरे उभी राहिली आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या हस्ते ती दिली गेली. तिथेच पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर नावाची तीस हजार घरांची वसाहत घेतली गेली, आणि तिच्यातल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्ते झाले.

बघा, दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान आले आणि गेले, पण संस्था जागेवर राहिली. हाच फरक आहे. वसाहत शहराबाहेर, तेव्हा रोज शहरात कामाला जाणाऱ्याला भाड्याचा आणि वेळेचा विचार करावा लागतो, तेही खरे. पण तिथला माणूस केवळ लाभार्थी नाही, तो सभासद आहे. सभासद हिशेब विचारतो.

बाया मापे घेतात

आता घर बांधायचे कसे, ह्याबद्दल दोन प्रयोग सांगतो.

पहिला आपल्या ओळखीच्या रस्त्यावरचा. १४ एप्रिलला आपण महूला जातो. धुळे, शिरपूर, सेंधवा असा आग्रा रोडने. महूच्या पुढे तासाभराच्या आत इंदूर. त्या इंदूरला अरण्य नावाची वसाहत आहे. १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने ती केली आणि बाळकृष्ण दोशी ह्या नामांकित वास्तुशिल्पकाराने तिची आखणी केली. सुमारे साडेसहा हजार प्लॉट. गरिबाला पुरे घर बांधून दिले नाही. त्याला दिला प्लॉट, जोते, संडास-मोरी आणि नळ, कुठे एक खोली. बाकीचे घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने वाढवायचे. पैसे आले की एक खोली, मुलाचे लग्न ठरले की वरचा मजला. नमुना म्हणून ऐंशी घरे बांधून दाखवली, म्हणजे लोकांना कल्पना यावी. १९९५ साली ह्या वसाहतीला आगाखान पुरस्कार मिळाला.

ह्यात शहाणपणा कोणता? गरीब माणूस घर एका वर्षात बांधत नाही, तो वीस वर्षे बांधतो. आपल्या गल्लीतले कोणते घर एका दमात झाले आहे? पण जे त्याला एकट्याला जमत नाही ते म्हणजे गटार, पाणी आणि जमिनीचा कागद. ते आधी द्या, भिंती तो उभ्या करील. आपल्याकडे मात्र उलटे होते. भिंती आधी उभ्या राहतात, मग गटारीसाठी रस्ता खोदतात, आणि कागद तर नातवाच्या काळातही होत नाही.

दुसरा प्रयोग मुंबईतल्या भायखळ्याचा. तिथल्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी १९८० च्या दशकात महिला मिलन नावाची संघटना बांधली. 'स्पार्क' ही संस्था त्यांच्याबरोबर होती. ह्या बायांनी आधी रोजची बचत सुरू केली. रुपया, दोन रुपये, जे असेल ते. वस्तीची गणती स्वतः केली. मग घर कसे पाहिजे ते ठरवायला त्यांनी लाकडे आणि कापड घेऊन खऱ्या मापाचे घर उभे केले आणि आत शिरून बघितले. इथे चूल ठेवली तर धूर कुठे जाईल? रात्री सहा माणसे झोपतील कशी? त्यातून त्यांना सुचले की खोलीचे छत उंच ठेवावे, म्हणजे अर्ध्या भागावर माळा होतो. हे कोण्या इंजिनियरने सांगितले नव्हते, जिने त्या दहा बाय दहात संसार केला तिने सांगितले.

हीच माणसे पुढे पुण्याच्या येरवड्याला गेली. तिथे २००९ नंतर सरकारी योजनेखाली जुनी कच्ची घरे पाडून त्याच जागी पक्की घरे बांधली. वस्ती उठवली नाही, गल्ल्या मोडल्या नाहीत, शेजारी बदलले नाहीत. घर साधारण २७० चौरस फुटांचे. खर्चाचा दहावा हिस्सा राहणाऱ्याचा, बाकी योजनेचा. नकाशा ठरवताना घरोघरच्या माणसांना बसवून विचारले. माणसाला सात मजल्यांवर नेऊन ठेवायचे आणि शेजार तोडायचा, हाच काही एक मार्ग नाही, हे त्यातून दिसते.

परदेशातली एक वस्ती

तरुण मंडळी विचारतील, ही सगळी गरिबांची उदाहरणे झाली, श्रीमंत देशात असे काही आहे काय? आहे. डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन. तिथे भर शहरात लष्कराने सोडून दिलेल्या बराकी होत्या. १९७१ साली तरुण, बेघर आणि कलावंत अशी माणसे कुंपण तोडून आत शिरली आणि त्यांनी क्रिस्टियानिया नावाची वस्ती केली. जागा सुमारे ८४ एकर, आणि वस्ती आता नऊशे-हजार माणसांची.

तिथे घर कोणाच्या मालकीचे नाही. राहणारा दरमहा ठरलेली रक्कम वस्तीच्या तिजोरीत भरतो. तो गेला तर घर विकू शकत नाही. त्या भागातली सभा नवा राहणारा निवडते. वस्तीचे चौदा भाग आहेत आणि प्रत्येक भागाची सभा आहे. मोठा प्रश्न असला की सगळ्या वस्तीची एक सभा. आत मोटारगाडी येऊ देत नाहीत. लोकांनी जुन्या बराकींची घरे केली, कोणी आपल्या हाताने नवी बांधली, तऱ्हेतऱ्हेची. सरकारने आधी प्रयोग म्हणून सोसले, मग उठवायला निघाले, मग पुन्हा बोलणी. असे चाळीस वर्षे चालले. शेवटी २०११ साली करार झाला, आणि वस्तीने एक प्रतिष्ठान करून २०१२ पासून ती जागा सामाईक म्हणून विकत घेतली. एकाच्या नावाने नाही, सगळ्यांच्या नावाने.

पण आम्ही त्या वस्तीची आरती ओवाळणार नाही. तिच्यातले दुखणेही सांगितले पाहिजे. तिथे ठराव मतांनी होत नसे, सगळ्यांची संमती लागे. ऐकायला गोड वाटते. पण एक रस्ता असा होता की तिथे चरस उघड विकला जाई. विकणारे दांडगे, टोळ्यांशी बांधलेले. खून पडले, गोळीबार झाला. सामान्य राहणाऱ्याला ते नको होते, पण सगळ्यांची संमती मिळाल्याशिवाय काही करायचे नाही म्हटल्यावर दांडग्याचे फावते. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या रहिवाशांनी, बायापोरांसह, त्या रस्त्याचे दगड स्वतः उखडले आणि तो बाजार बंद केला. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षे गेली!

आपल्याला हे कळायला कोपनहेगनला जावे लागत नाही. ज्या वस्तीच्या कोपऱ्यावर सट्टा आणि हातभट्टी चालते, तिथल्या बाईला विचारा. दहा चांगली माणसे गप्प बसतात आणि दोन दांडगी वस्ती चालवतात. तोही एक प्रकारचा स्वतःचा कारभारच, पण तो आपल्याला नको आहे.

सभा कशी चालावी

मग सभा चालवावी कशी? ह्याचे उत्तर आपल्या परंपरेत आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की भारताला सभेचे नियम नवे नाहीत, बौद्ध भिक्खू संघाला ते माहीत होते. ठराव कसा मांडायचा, किती जण हजर पाहिजेत, मते कशी मोजायची, हे सगळे संघात होते.

विनयात पाहिले तर पद्धत अशी दिसते. आधी सगळ्यांपुढे विषय मांडायचा. महत्त्वाचा असेल तर ठराव तीन वेळा ऐकवायचा. ज्यांना पटले ते गप्प राहतात, ज्याला पटत नाही त्याने बोलायचे. एकमत व्हावे हाच प्रयत्न. पण वाद मिटतच नसेल तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घ्यायचे आणि बहुमताने निकाल करायचा. काड्या वाटणारा माणूस कसा हवा तेही सांगितले आहे : लोभाने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वाकणारा नसावा. भीतीने हा शब्द नीट ऐका. दांडग्याच्या भीतीने वाकणारा माणूस मते मोजायला बसवू नये, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ठरले होते. क्रिस्टियानियाला जे नडले त्याचा उपाय संघाजवळ होता. आधी संमती, ती नाही झाली तर मत. पण निर्णय अडवून ठेवायचा नाही.

आपल्या वस्तीपुढचा प्रश्न

आता आपल्या गल्लीत येऊ. इथे तीन प्रकारची घरे आहेत. काहींच्या नावावर जागेचा उतारा आहे. काहींजवळ फक्त घरपट्टीची आणि लाईट बिलाची पावती आहे. आणि काही कुटुंबे भाड्याने राहतात. प्रधानमंत्री आवास योजना २०१५ साली आली, तिचा शहरासाठीचा दुसरा टप्पा २०२४ पासून सुरू झाला. पहिल्या टप्प्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळत. पण 'स्वतःच्या जागेवर' ह्या दोन शब्दांत अर्धी वस्ती गळून पडते. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेली खरेदी ही नोंदणीकृत खरेदी नव्हे. हे दोन मुद्दे घरी जाऊन सगळ्यांना सांगा, कारण फाईल करून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल गल्लीतून फिरू लागले आहेत.

ज्याचा उतारा आहे तो म्हणेल, माझे काम होते आहे, मी कशाला थांबू? त्याने थांबू नये, त्याने घर बांधावे. पण त्याची फाईल झाली आणि शेजाऱ्याची राहिली, तर उद्या वस्तीचे दोन भाग होतील. पक्की घरे एका बाजूला, आणि नोटीस आली की उठायची ती दुसऱ्या बाजूला. ज्या दिवशी असे होईल त्या दिवशी आपला मोर्चा अर्धा होईल आणि अर्ध्या मोर्चाला कोणी विचारत नाही, भो! म्हणून जागेच्या पट्ट्याची मागणी सगळ्या वस्तीची एकत्र गेली पाहिजे, उताऱ्यावाल्याच्या सहीसह.

ह्यासाठी आमच्या सूचना अशा.

एक, महिन्यातून एकदा वस्तीची सभा. घरटी दोन माणसे, त्यात एक बाई असलीच पाहिजे. जागा विहाराची चालेल, पण सभा विहाराची नाही, वस्तीची. आपल्या गल्लीत मुस्लिम कुटुंबे आहेत, भिल्ल समाजाची आहेत, मातंग बांधव आहेत. नळ सगळ्यांचा एक, गटार एक, तर सभाही एकच. आणि भाडेकरूलाही तिथे बोलता आले पाहिजे. गावकुसाबाहेर राहिलेल्यांनी नवे गावकूस बांधू नये.

दोन, वस्तीची नोंदवही. महिला मंडळ आणि कॉलेजची मुले ह्यांनी घरोघर जावे. कोण केव्हापासून राहते, कागद कोणता, घरात माणसे किती, संडास आहे की नाही. हे आपल्याजवळ लिहिलेले असले म्हणजे सर्व्हेवाला आला तर त्याची यादी आपल्या यादीशी पडताळता येते.

तीन, बचत. भायखळ्याच्या बायांसारखी. सुरुवातीला रक्कम किती हे महत्त्वाचे नाही, दर आठवड्याला भरली जाते हे महत्त्वाचे. पुढेमागे सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवायची झाली तर वाटा भरायला तोच पैसा कामी येईल. आणि हा पैसा विहाराच्या दानात मिसळू देऊ नका. दानाचे खाते वेगळे, वस्तीचे वेगळे, दोन्हींचे खजिनदार वेगळे. दोन्हींचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर.

चार, घराचा कागद बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर. योजनेतही बाईचे नाव लागतेच. दारूच्या पायी घर विकले जाते तेव्हा सही कोणाची असते ते आपण सगळे जाणतो.

पाच, इतिवृत्त. सभेत जे ठरले ते त्याच दिवशी वहीत लिहायचे आणि पुढच्या सभेत आधी वाचायचे. हे काम शिकलेल्या मुलामुलींनी आळीपाळीने करावे.

कोणी म्हणेल, आपणच सगळे करायचे तर महापालिका कशाला? तसे नाही. कर आपण भरतो, गटार महापालिकेनेच केली पाहिजे. ती झाली की नाही, किती खोल झाली, सिमेंट किती पडले, हे बघायला मात्र आपला माणूस उभा पाहिजे. वस्तीचा कारभार वस्तीच्या हाती म्हणजे वेगळी चूल मांडणे नव्हे. शहराच्या कारभारात आपला हात शेवटपर्यंत पोहोचवणे, असा त्याचा अर्थ आहे. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, तीही आपण मागू. पण ती मिळेपर्यंत सभा भरवू नका असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी जो विचार १९४२ साली मांडला त्यात खेड्यातल्या माणसासाठी जमीन आणि मान दोन्ही होते. शहरात आपण जमीन पुरती मिळवली नाही, आणि कारभार तर दुसऱ्यांवर सोडून दिला. पुढच्या पिढीला पक्के घर तर द्यायचेच आहे, पण ते चालवायची सवयही द्यायची आहे. ती सवय भाषणाने लागत नाही, बसल्याने लागते.

म्हणून एक विनंती करतो. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की लगेच सतरंजी गुंडाळू नका. अर्धा तास बसा. शेजारच्या गल्लीतल्या सगळ्यांना बोलावणे करा. पहिला विषय एकच ठेवा, आपल्या वस्तीची नोंदवही कोण लिहिणार. दोन मुली आणि दोन मुलगे पुढे आले तरी काम सुरू झाले असे समजा.

 जय भीम! जय भारत!